अमेरिकेच्या मध्यावधी निवडणुकीचा अंदाज कसा बांधावा: आधी जागा मोजा, मग कायदे

अमेरिकेची मध्यावधी निवडणूक, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर ठरल्या वेळी होणारी संसदेची निवडणूक, जवळ आली की एक चूक हमखास दिसते. कुणीतरी राष्ट्राध्यक्षांच्या लोकप्रियतेचा एक आकडा उचलतं, त्यावरून "यांचा पक्ष आपटणार" असं सांगतं आणि पुढच्याच वाक्यात "आता दोन वर्षं एकही कायदा होत नाही" किंवा "आता ग्रीन कार्डाचं विधेयक नक्की" असं ठोकून देतं. हे दोन वेगळे अंदाज आहेत. कुणाला किती जागा मिळतील हा एक, आणि त्या जागांच्या बळावर कोणतं विधेयक कुठवर जाईल हा दुसरा. पहिला बरोबर येऊनही दुसरा साफ चुकू शकतो.

ताजं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाने कर आणि खर्चाचा भलामोठा कायदा सिनेटमधून ५१ विरुद्ध ५० असा, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतावर काढला. त्याच सिनेटमध्ये, त्याच ५३ जागा हाती असताना, ऑक्टोबरात सरकार चालू ठेवण्यापुरतं तात्पुरत्या खर्चाचं विधेयक अडलं आणि सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिलं. जागा तेवढ्याच, निकाल उलटे. असं का झालं ते आठव्या टप्प्यात येतं, आणि तोच टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात.

## तयारी: भारतीय सवयी बाजूला ठेवा

आपण राजकारण दिल्ली-मुंबईचं पाहत वाढलेलो असतो, त्यामुळे काही गृहीतकं नकळत सोबत येतात. कामाला बसण्याआधी ती काढून टाका.

सरकार पडत नाही. राष्ट्राध्यक्षांचा पक्ष दोन्ही सभागृहांत हरला तरी ते पदावर राहतात आणि नकाराधिकार त्यांच्याकडेच असतो.

पक्षादेश मोडला म्हणून कुणाची खासदारकी जात नाही. पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. त्यामुळे "अमुक पक्षाकडे इतक्या जागा" म्हणजे "अमुक विधेयकाला इतकी मतं" हे गणित तिथे लागू होत नाही. २०१७ मध्ये व्हाइट हाउस, सिनेट आणि प्रतिनिधिगृह तिन्ही रिपब्लिकनांकडे होती. तरीही आरोग्यविम्याचा ओबामांच्या काळातला कायदा मोडून काढायचा प्रयत्न जुलैत सिनेटमध्ये पडला, कारण जॉन मॅक्केन यांच्यासह त्यांचेच तीन सदस्य विरोधात गेले.

मूळ आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रतिनिधिगृहात ४३५ जागा, मुदत २ वर्षं, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्या जागांवर निवडणूक. बहुमताचा आकडा २१८. सिनेटमध्ये १०० जागा, मुदत ६ वर्षं, एका वेळी साधारण एक तृतीयांश जागांवर मतदान, शिवाय रिक्त झालेल्या जागांच्या पोटनिवडणुका. समसमान मतं पडली तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत निर्णायक.

मग एक साधा तक्ता उघडा. स्प्रेडशीट असेल तर उत्तम, रेघी वहीही चालते.

## टप्पा १: प्रश्न असा लिहा की उत्तर तपासता येईल

"डेमोक्रॅट जिंकतील का?" हा प्रश्न नाही, गप्पा आहेत. प्रतिनिधिगृह जिंकून सिनेट हरले तर ते जिंकले की हरले? दोन्ही बाजू आपापलं खरं करतील.

असं लिहा: "जानेवारीत शपथ घेताना प्रतिनिधिगृहात अमुक पक्षाकडे २१८ किंवा जास्त जागा असतील का?" "सिनेटमध्ये ५१ असतील का?" "राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या किती जागा घटतील: ० ते १०, ११ ते २५, २६ ते ४०, की त्याहून जास्त?" कायद्यांबद्दलही हाच नियम. "विधेयक पुढे जाईल" म्हणजे समितीतून बाहेर येईल, एका सभागृहात मंजूर होईल, की सही होऊन कायदा होईल? तिन्हींच्या शक्यतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तपासा: तुमच्याशी न पटणाऱ्या माणसाला प्रश्न वाचून दाखवा. निकालानंतर तुमच्यात वाद होईल असं वाटलं तर प्रश्न पुन्हा लिहा.

## टप्पा २: इतिहासाचा पाया घाला, पण त्यावर घर बांधू नका

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मध्यावधी निवडणुकांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात जागा गमावल्या नाहीत असं फक्त दोनदा झालं, १९९८ आणि २००२ मध्ये. तेव्हा क्लिंटन आणि धाकटे बुश दोघांचीही लोकप्रियता ६० टक्क्यांच्या वर होती. म्हणून सुरुवातीचा अंदाज "राष्ट्राध्यक्षांचा पक्ष जागा गमावेल" हाच ठेवा. हे वाक्य लिहायला एक मिनिट लागतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर येतं.

किती गमावेल हा खरा प्रश्न. अलीकडच्या चार निवडणुका पाहा. २०१० मध्ये ६३ जागा गेल्या, २०१४ मध्ये १३, २०१८ मध्ये ४०, २०२२ मध्ये ९. शेवटच्या दोन शेजारी ठेवा. ट्रम्प (२०१८) आणि बायडेन (२०२२) दोघेही निवडणुकीच्या सुमारास गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत ४० टक्क्यांच्या आसपास होते. लोकप्रियता सारखी, नुकसान मात्र एकाचं ४०, दुसऱ्याचं ९. नुसत्या लोकप्रियतेवरून जागा काढणाऱ्याला २०२२ मध्ये "लाल लाट" (लाल हा रिपब्लिकनांचा रंग) दिसत होती. ती आली नाही.

## टप्पा ३: गमावण्यासारखं मुळात किती आहे ते मोजा

आधीच्या फरकाचं बरंचसं उत्तर इथे आहे. २०१६ मध्ये रिपब्लिकन २४१ जागांवर पोहोचले होते आणि त्यांतल्या वीसहून जास्त जागा अध्यक्षीय निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांनी जिंकलेल्या मतदारसंघांत होत्या. २०२० मध्ये डेमोक्रॅट जेमतेम २२२ वर आले होते, म्हणजे परक्या मैदानावरच्या बऱ्याच जागा आधीच गेलेल्या होत्या. २०१० ची पडझड तर आधीच मांडून ठेवल्यासारखी होती. २००८ च्या विजयानंतर डेमोक्रॅटांचे जवळपास पन्नास सदस्य रिपब्लिकनांचे अध्यक्षीय उमेदवार मॅक्केन जिंकले होते अशा मतदारसंघांतून आलेले होते.

म्हणून कोणत्याही निवडणुकीआधी दोन याद्या करा. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे किती सदस्य विरोधी उमेदवाराने जिंकलेल्या मतदारसंघांत बसले आहेत? आणि उलट किती? २०२४ च्या निकालानंतर ट्रम्प जिंकले अशा १३ मतदारसंघांत डेमोक्रॅट निवडून आले, तर हॅरिस जिंकल्या अशा फक्त ३ मतदारसंघांत रिपब्लिकन. एवढ्या छोट्या यादीवरून २०१० सारख्या पन्नास-साठ जागांच्या लाटेचा अंदाज बांधायचा असेल, तर लाट पक्क्या बालेकिल्ल्यांत कशी शिरेल हे सांगावं लागेल.

मग नकाशा. साधारणपणे जनगणनेनंतर दहा वर्षांतून एकदा मतदारसंघांची फेररचना होते. पण २०२५ मध्ये टेक्सासने मधेच नकाशा बदलून रिपब्लिकनांसाठी ५ जागा वाढवण्याचा घाट घातला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरात प्रपोझिशन ५० हा प्रस्ताव मंजूर करून डेमोक्रॅटांसाठी तेवढ्याच जागांची सोय केली. मिसुरी आणि नॉर्थ कॅरोलायनानेही नकाशे बदलले.

सावधान: जुन्या सीमांवरचा निकाल नव्या मतदारसंघाला चिकटवू नका. मतदारसंघाचा क्रमांक तोच असतो, पण आतली वस्ती बदललेली असते. नव्या सीमांत २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत काय झालं असतं, तो आकडा शोधा.

## टप्पा ४: देशाची हवा तीन ठिकाणांहून मोजा

एक, "प्रतिनिधिगृहासाठी कोणत्या पक्षाला मत द्याल" या सर्वसाधारण प्रश्नाची सरासरी. जाणकार याला जेनेरिक बॅलट म्हणतात. एकच चाचणी उचलू नका, सरासरी घ्या. आणि मतांच्या टक्क्यांतून जागा काढताना सरळ त्रैराशिक मांडू नका. २०१८ मध्ये डेमोक्रॅट देशभरात साडेआठ टक्क्यांहून पुढे होते आणि त्यांना २३५ जागा मिळाल्या. २०१२ मध्ये ते एकूण मतांत किंचित पुढेच होते, पण जागा फक्त २०१ आल्या, कारण नकाशा त्यांच्याविरुद्ध आखलेला होता. २०२२ मध्ये रिपब्लिकन सुमारे ३ टक्क्यांनी पुढे राहूनही २२२ वर थांबले. त्यांतलीही काही आघाडी फुगलेली होती, कारण अनेक ठिकाणी त्यांच्यासमोर डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता.

दुसरं ठिकाण पोटनिवडणुकांचं. तिथे कोण जिंकलं याला फारसं महत्त्व नाही. त्या मतदारसंघाचा अध्यक्षीय निवडणुकीतला कल आणि पोटनिवडणुकीचा निकाल यांतला फरक लिहा आणि सगळ्यांची सरासरी काढा. मार्च २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅट कॉनर लॅम यांनी ट्रम्प जवळपास २० टक्क्यांनी जिंकलेला मतदारसंघ खेचून आणला. नोव्हेंबरची चाहूल तिथेच लागली होती. २०२२ मध्ये जूनच्या मध्यापर्यंत वारा रिपब्लिकनांकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ जूनला गर्भपाताच्या घटनात्मक हक्काचा निर्णय फिरवला, ऑगस्टच्या सुरुवातीला कॅन्ससच्या मतदारांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती मोठ्या फरकाने फेटाळली आणि महिनाअखेरीस न्यूयॉर्कच्या १९व्या मतदारसंघात डेमोक्रॅट पॅट रायन जिंकले. ज्यांनी ही तारीखवार नोंद ठेवली त्यांना लाट ओसरताना दिसली. वर्षभराची एकच सरासरी काढणाऱ्यांना ती दिसली नाही.

तिसरं, मतदानाला येतं कोण. २०१४ मध्ये पात्र मतदारांपैकी चाळीस टक्केही बाहेर पडले नाहीत, २०१८ मध्ये जवळपास निम्मे पडले. चाचणीत "नोंदणीकृत मतदार" विचारात घेतले आहेत की "मतदान करण्याची शक्यता असलेले", हे प्रत्येक आकड्यासमोर लिहा. दोन्ही प्रकार एका सरासरीत मिसळले की हवा बदलली असा भास होतो, बदललेली असते फक्त मोजपट्टी.

## टप्पा ५: मतदारसंघांचे तीन ढीग करा

४३५ जागांचा अभ्यास करायची गरज नाही. कुक पोलिटिकल रिपोर्ट, साबातोज क्रिस्टल बॉल आणि इनसाइड इलेक्शन्स या निवडणुकांचं विश्लेषण करणाऱ्या तिघांचं मानांकन समोर ठेवा. तिघेही ज्या जागांना "पक्क्या" म्हणतात त्या बाजूला करा, एका बाजूला "झुकलेल्या" ठेवा आणि "अटीतटीच्या" वेगळ्या काढा. हाती पन्नासेक जागा उरतील. वेळ तिथे घालवा.

पक्क्या जागेतली खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते, आणि ती महिनोन्महिने आधी होऊन गेलेली असते. बेळगावात वाढलेले मराठी भाषिक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून निवडून आले. डेट्रॉइट परिसरातली ही जागा डेमोक्रॅटांची पक्की. नोव्हेंबर तिथे औपचारिकता होती. ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत उमेदवारांची एवढी गर्दी होती की तीस टक्क्यांहून कमी मतांवर त्यांनी ती मारली. अशा जागेचा नोव्हेंबरचा अंदाज बरोबर आला म्हणून पाठ थोपटून घेऊ नका.

तपासा: तिन्ही मानांकनांत शेवटच्या महिन्यात कोणत्या जागा सरकल्या? सगळ्या एकाच दिशेने सरकत असतील तर ती खूण मोठी.

## टप्पा ६: सिनेटला स्वतंत्र पान द्या

प्रतिनिधिगृहातली हवा सिनेटवर जशीच्या तशी लावणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक. २०१८ मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ४० जागा गमावल्या, पण सिनेटमध्ये २ वाढवल्या. त्या वर्षी मतदान झालेल्या ३५ जागांपैकी २६ डेमोक्रॅट बाजूच्या होत्या आणि त्यांतल्या इंडियाना, मिसुरी, नॉर्थ डकोटा या राज्यांत ट्रम्प दणदणीत जिंकलेले होते. कोणत्या जागा पणाला लागल्या आहेत यानेच अर्धा निकाल ठरला.

म्हणून आधी यादी: कुणाच्या किती जागा पणाला लागल्या आहेत, आणि त्या राज्यांचा कल काय. मग उमेदवार. सिनेटमध्ये माणूस पाहून मत देणारे अजून आहेत. २०२२ मध्ये जॉर्जियात त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प ७ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले. सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार हर्शेल वॉकर मागे पडले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत हरले.

राज्यपातळीच्या चाचण्या कमी असतात, म्हणून एका पक्षाशी जोडलेल्या संस्थांच्या चाचण्या सरासरी खेचून नेतात. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात शेवटच्या आठवड्यांत अशा काही चाचण्यांनी डेमोक्रॅट पॅटी मरे यांची लढत चुरशीची दाखवली होती. त्या १४ टक्क्यांच्या आसपास फरकाने जिंकल्या. चाचणी कुणी केली आणि पैसे कुणी दिले, हा रकाना तक्त्यात हवाच.

## टप्पा ७: चुका एकत्र येतात हे गणितात धरा

समजा सिनेटच्या सहा जागा अटीतटीच्या आहेत, प्रत्येकी ५० टक्के. सहाही एकाच पक्षाला जाण्याची शक्यता किती? शाळेतलं गणित सांगतं ३२ मध्ये १. तसं उत्तर काढाल तर फसाल. चाचण्या एका राज्यात ज्या बाजूला चुकतात, त्याच बाजूला बहुधा सगळीकडे चुकतात, त्यामुळे अटीतटीच्या जागा गठ्ठ्याने एकीकडे पडतात. २००६ मध्ये मोंटाना, व्हर्जिनिया, मिसुरी या घासून झालेल्या तिन्ही जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या आणि सिनेट फिरलं. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा एकाच बाजूला गेली, विस्कॉन्सिन तेवढं निसटलं.

घरच्या घरी करायचा उपाय सोपा आहे. तीन परिस्थिती मांडा: चाचण्या बरोबर, सगळ्या चाचण्या एका पक्षाच्या बाजूने ३ टक्के चुकलेल्या, आणि सगळ्या उलट बाजूने ३ टक्के चुकलेल्या. तिन्हींत जागा मोजा. अंदाज म्हणजे हा पट्टा, मधला एकच आकडा नाही. आणि पक्क्या वाटणाऱ्या जागाही कधीकधी दगा देतात. कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन लॉरेन बोबर्ट सहज जिंकतील असं बहुतेकांनी धरलं होतं. २०२२ मध्ये त्या फक्त ५४६ मतांनी वाचल्या.

## टप्पा ८: जागांवरून कायद्यांकडे

हा तक्ता निवडणुकीआधी भरा. निकालानंतर जो तो आपल्या उत्साहाच्या किंवा निराशेच्या भरात विधेयकांचं भविष्य सांगतो. प्रत्येक विधेयकाला पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

८.१ दार कोणतं? सिनेटमध्ये साध्या विधेयकावरची चर्चा थांबवायला ६० मतं लागतात. विरोधकांनी अडवलं की ५३ जागांचं बहुमतही तिथेच थांबतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच झालं. याला वळसा घालणारं एक दार आहे, अर्थसंकल्पीय रिकन्सिलिएशन. तिथे साधं बहुमत पुरतं, पण विषय कर, खर्च आणि कर्ज यांच्याशी जोडलेला हवा. जुलैचा कायदा या दाराने गेला. तिसरं दार नियुक्त्यांचं: न्यायाधीश आणि मंत्री यांना फक्त सिनेटचं साधं बहुमत लागतं, प्रतिनिधिगृहाचा संबंधच नाही. चौथं दार नकाराधिकार ओलांडण्याचं. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, म्हणजे सगळे हजर असतील तर २९० आणि ६७.

आता दिसेल की एखादं सभागृह फिरल्यावर नेमकं काय बंद होतं. प्रतिनिधिगृह गेलं की पहिला बळी रिकन्सिलिएशनचा, कारण त्याला दोन्ही सभागृहं लागतात. न्यायाधीशांच्या नेमणुका मात्र चालू राहतात. २०१८ नंतर प्रतिनिधिगृह गमावलेल्या रिपब्लिकनांनी सिनेटच्या जोरावर ऑक्टोबर २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट यांना सर्वोच्च न्यायालयात बसवलं. उलट २०१४ मध्ये ओबामांच्या पक्षाने सिनेट गमावलं आणि २०१६ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांच्या नावावर सुनावणीसुद्धा झाली नाही. मग "मध्यावधीनंतर सगळं ठप्प" या वाक्यात नेमकं काय ठप्प?

८.२ काठावरचा सदस्य कोण? प्रत्येक दारापाशी मतं डावीकडून उजवीकडे मांडा आणि २१८वं, ५०वं किंवा ६०वं मत कुणाचं ते नाव लिहा. विधेयक किती मोठं असेल हे तो माणूस ठरवतो. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांकडे सिनेटमध्ये ५० मतं होती आणि पन्नासावं मत जो मॅन्चिन यांचं होतं. बायडेन यांची मोठी सामाजिक योजना त्यांच्यापाशी अडली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बरीच आटून इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट म्हणून बाहेर पडली. पक्षाचं धोरणपत्र वाचण्यापेक्षा या एका माणसाच्या मागच्या दोन वर्षांच्या मुलाखती वाचणं जास्त उपयोगी.

निसटतं बहुमत असेल तर प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष (स्पीकर) टिकेल का, हेही विचारा. जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन केव्हिन मॅकार्थी यांना त्या पदावर निवडून यायला १५ फेऱ्या लागल्या, ऑक्टोबरात त्यांना हटवलं गेलं आणि तीन आठवडे प्रतिनिधिगृहाचं काम बंद पडलं.

८.३ विषयपत्रिका कुणाच्या हातात? मतं असूनही विधेयक मरतं ते इथे. जून २०१३ मध्ये सिनेटने व्यापक स्थलांतर विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष जॉन बेनर यांनी ते मतदानाला घेतलंच नाही. अध्यक्षाला वळसा घालायला २१८ सह्यांचा अर्ज लागतो, तो क्वचितच पुरा होतो. समित्यांची अध्यक्षपदंही बहुमताकडे जातात, आणि सभागृह फिरल्यावर सर्वांत लवकर दिसणारा बदल तोच: चौकशा आणि समन्स.

८.४ मुदत आहे का? ज्याला तारीख असते ते विधेयक विभाजित सरकारातही (राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे, सभागृह दुसऱ्याकडे) होतं. खर्चाला १ ऑक्टोबरची मुदत असते. संरक्षण खात्याचं वार्षिक विधेयक साठहून जास्त वर्षं सलग मंजूर होत आलं आहे. कर्जमर्यादेची मुदत आली की २०११ आणि २०२३ सारखी ओढाताण होते, पण शेवटी तोडगा निघतो. मुदत नसलेलं विधेयक मात्र कितीही लोकप्रिय असलं तरी पडून राहू शकतं.

आता आपल्याकडच्या घराघरांत चर्चेत असलेल्या विषयावर हे चारही प्रश्न लावू. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती काढण्याचं विधेयक पुण्या-नागपूरहून न्यू जर्सी किंवा टेक्सासला गेलेल्या हजारो कुटुंबांसाठी जिव्हाळ्याचं. जुलै २०१९ मध्ये डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधिगृहात ते ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये रिपब्लिकनांच्या सिनेटने त्याचं वेगळं रूप विनाविरोध मंजूर केलं. म्हणजे काँग्रेस, अर्थात अमेरिकेची संसद, विभाजित असूनही दोन्हीकडे होकार. तरीही दोन रूपांचा मेळ बसला नाही, जानेवारी २०२१ मध्ये काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक रद्दबातल झालं. पुढची दोन वर्षं तिन्ही सत्ताकेंद्रं डेमोक्रॅटांकडे होती. त्यांनी स्थलांतराच्या तरतुदी रिकन्सिलिएशनच्या दाराने न्यायचा प्रयत्न २०२१ मध्ये केला, पण सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी त्या नियमांत बसत नाहीत असं पुन्हा पुन्हा सांगितलं. या विषयाची गाठ बहुमतापेक्षा ६० मतांत, मुदतीच्या अभावात आणि वेळ संपण्यात आहे. म्हणून "अमुक पक्ष आला की रांग सुटेल" या अंदाजाला मी तरी फार कमी टक्के देईन.

आणि सगळंच काँग्रेसमधून जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं ते राष्ट्राध्यक्षांच्या घोषणापत्राने. अशा गोष्टींचा मध्यावधीशी संबंध अप्रत्यक्ष: काँग्रेस त्या उलटवायचं म्हणाली तरी पुन्हा नकाराधिकार आणि दोन तृतीयांश समोर येतात.

सावधान: नोव्हेंबरचा निकाल आणि ३ जानेवारीची नवी काँग्रेस यांच्यामध्ये जुनीच काँग्रेस काम करत असते. हे आठवडे रिकामे धरू नका. डिसेंबर २०१८ मध्ये तुरुंगसुधारणेचा फर्स्ट स्टेप ॲक्ट आणि डिसेंबर २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना संरक्षण देणारा कायदा याच काळात झाला. सत्ता जाणार हे कळल्यावर कामं उरकण्याची घाई होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

## टप्पा ९: निकालाची सकाळ

२०२६ चं मतदान मंगळवारी, ३ नोव्हेंबरला. भारतात पहिले आकडे बुधवारी पहाटे साडेचारनंतर, इंडियाना आणि केंटकीच्या पूर्व भागातून येतील. कॅलिफोर्नियाचं मतदान संपेपर्यंत आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतील.

ईव्हीएमच्या मोजणीसारखं दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होईल अशी आशा धरू नका. २०२२ मध्ये मतदान ८ नोव्हेंबरला झालं, सिनेटचा निर्णय नेवाडामुळे १२ तारखेला लागला आणि प्रतिनिधिगृहाचं बहुमत जाहीर व्हायला १६ तारीख उजाडली. टपाली मतं आधी मोजली जातात की नंतर यावरून आघाडी फिरते. फ्लोरिडा वेगाने मोजतं. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत उघडताच येत नाहीत. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या २१व्या मतदारसंघाचा विजेता वृत्तसंस्थेने जाहीर केला, आणि मोजणी पुढे सरकल्यावर तो मागे घ्यावा लागला.

म्हणून आघाडी पाहू नका. पूर्ण मोजून झालेल्या काउंटी (राज्यातले जिल्ह्यासारखे भाग) निवडा आणि तिथला फरक मागच्या निवडणुकीशी ताडून पाहा. अशा पाच-सात काउंटी एकच गोष्ट सांगू लागल्या की सातव्या टप्प्यातली कोणती परिस्थिती उतरतेय ते कळतं, आणि आठव्या टप्प्यातला कोणता रकाना उघडायचा तेही.

## टप्पा १०: हिशेब ठेवा

अंदाज लिहिताना प्रत्येकासमोर टक्के आणि तारीख टाकलेली असावी. नंतर प्रत्येकाचे गुण काढा: घडलं असेल तर १, नसेल तर ०, त्यातून तुमची शक्यता वजा करा आणि फरकाचा वर्ग करा. ८० टक्के म्हणालात आणि घडलं तर ०.०४, नाही घडलं तर ०.६४. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. सगळीकडे ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त आली तर तुमच्या अभ्यासाने नाणेफेकीहूनही वाईट काम केलं.

जागांचे गुण आणि कायद्यांचे गुण वेगवेगळे काढा. जागांचे जानेवारीत निघतात. कायद्यांसाठी मात्र ती काँग्रेस संपेपर्यंत थांबावं लागतं, कारण त्या दिवशी पडून असलेलं प्रत्येक विधेयक आपोआप रद्द होतं आणि तुमच्या तक्त्यातला त्याचा रकाना ० ने भरावा लागतो.